थांबेल की उतरेल?

[दृश्य: फूटपाथच्या कडेला एक बाई. एक पाय रस्त्यावर, एक अजून वर. मान डावीकडे वळलेली.]

ही बाई आता रस्ता ओलांडणार का? मुरलेला ड्रायव्हर एका नजरेत ओळखतो. कशावरून ओळखलंस म्हणून विचारा, त्याला धड सांगता येणार नाही. पण समोरून येणाऱ्या या गाडीत ड्रायव्हरच नाही. तिला हे सगळं आकड्यांत मांडावं लागतं.

गाडीवरचा लायडार लेझर किरणांनी अंतरं मोजत राहतो, सेकंदाला साधारण दहा वेळा. कॅमेरे आकार टिपतात, रडार वेग सांगतं. समोर माणूस आहे एवढं कळणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. खरी कसोटी पुढच्या चार-पाच सेकंदांची. त्यात तो कुठे असेल?

सगळ्यात साधा अंदाज असा: चाललाय त्याच वेगाने, त्याच दिशेने माणूस चालत राहील. याला हसू नका. 2020 साली म्युनिकच्या संशोधकांनी दाखवून दिलं की नेहमीच्या चाचण्यांमध्ये हा बाळबोध हिशेब मोठमोठ्या न्यूरल नेटवर्कना, म्हणजे उदाहरणं पाहून शिकणाऱ्या सॉफ्टवेअरना, मागे टाकतो. फसतो तो नेमका कडेला. उभ्या माणसाचा वेग शून्य, म्हणजे या हिशेबाने तो जन्मभर तिथेच उभा राहणार! मोटारीला वळायला जागा लागते. माणूस एका पावलात थांबतो, फिरतो, उलटा पळतो.

[दृश्य: त्याच बाईचा चेहरा, जवळून. ती गाडीकडे पाहते.]

म्हणून मान बघायची. 2014 मध्ये दारिऊ गाव्रिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन प्रश्न एकत्र बांधले. माणसाने गाडी पाहिली आहे का? तो कडेपासून किती दूर आहे? दोघंही असेच पुढे गेले तर टक्कर कितपत जवळ आहे? गाडी पाहिलेला माणूस बहुधा थांबतो. मान खाली घालून मोबाइलमध्ये बुडालेला कदाचित थांबणार नाही. ‘बहुधा’ आणि ‘कदाचित’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सॉफ्टवेअर एकच भविष्य सांगत नाही. थांबेल, उतरेल, उतरून परत मागे येईल, अशा अनेक वाटा काढतं आणि प्रत्येकीला शक्यतेचा आकडा देतं.

मग गाडीने करायचं काय? ताशी 40 किलोमीटर वेगात, प्रवाशाला धक्का न बसेल अशा हलक्या ब्रेकने थांबायला सुमारे 30 मीटर लागतात. कोरड्या रस्त्यावर करकचून दाबला तर नऊएक मीटर. बाई उतरण्याची शक्यता अजून अर्धीमुर्धीच असेल, तर गाडी थांबत नाही, नुसता वेग थोडा उतरवते. तेवढ्याने तिला आणखी एक-दोन सेकंद बघायला मिळतात आणि तेवढ्यात बाईचं पाऊल काय ते सांगून टाकतं. माझ्या मते या साऱ्या खटाटोपाचं मर्म इथे आहे. अंदाज अचूक असण्यापेक्षा, तो चुकला तरी निभावेल असा वेग ठेवणं मोलाचं.

[दृश्य: रात्रीचा रुंद रस्ता. दिव्यांचे विरळ ठिपके.]

18 मार्च 2018. अमेरिकेत, ॲरिझोनातलं टेंपी शहर. रात्री एक महिला सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. उबरच्या चाचणी गाडीने तिला धडक दिली आणि तिचा जीव गेला. देखरेखीसाठी बसलेल्या व्यक्तीचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने संगणकाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आणखी काही समोर आलं. धडकेच्या 5.6 सेकंद आधीच यंत्रणेला काहीतरी दिसलं होतं. ते वाहन, की सायकल, की आणखी काही, यात ती घोळत राहिली. दर वेळी नाव बदललं की ती वस्तू आधी कुठून कशी सरकत आली, हा मागोवाच पुसला जाई. मागचं पुसलं तर पुढचं कुठून दिसणार? शिवाय झेब्रा क्रॉसिंग सोडून भलतीकडेच कुणी पायी रस्ता ओलांडेल, ही शक्यता त्या रचनेत धरलेलीच नव्हती.

आता उलटी बाजू. गर्दीत प्रत्येक जण माझ्याच वाटेत येणार असं गाडीने धरलं, तर तिला कुठलीच वाट मोकळी दिसत नाही आणि ती जागच्या जागी गोठते. पीटर ट्राउटमन आणि आंद्रेआस क्राउझे यांनी 2010 मध्ये यंत्रमानवांच्या बाबतीत हा पेच मांडला. माणसं एकमेकांना वाट देतात. आपण हळूच पुढे सरकलो तर समोरचा काय करेल, हेही गाडीला गणितात घ्यावं लागतं.

[दृश्य: दुपारची वर्दळ. थांबलेल्या गाडीसमोरून लोक बिनदिक्कत जाताहेत.]

समोरचाही गणित करतोच. ॲडम मिलार्ड-बॉल यांनी 2018 च्या निबंधात लिहिलं की ही गाडी आपल्यासाठी हमखास थांबते, हे एकदा कळलं की लोक खुशाल मध्येच उतरतील. म्हणजे सॉफ्टवेअरला शिकवायला जे चित्रीकरण वापरलं, त्यातली माणसं ड्रायव्हरला बिचकणारी होती. आता समोर न बिचकणारी येणार. त्यांच्या नव्या नोंदी जमवून सॉफ्टवेअरला पुन्हा शिकवावं लागणार.