पंधरा वर्षांतले अकरा जण

श्रोतेहो, नमस्कार.

आज संघ निवडायचाय. भारताचा नाही, तो तर पानाच्या टपरीवर रोज सकाळी निवडला जातो आणि संध्याकाळी बरखास्तही होतो. आज निवडायचाय मुंबईचा संघ, तोही एका ठरावीक काळातला. १९५८-५९ चा मोसम ते १९७२-७३ चा मोसम. या पंधरा मोसमांत रणजी करंडक मुंबईबाहेर गेला नाही. पुन्हा सांगतो, पंधरा मोसम, पंधरा करंडक, आणि मध्ये एकही खंड नाही. पहिला करंडक आला तेव्हा पहिलीत बसलेलं पोर शेवटचा आला तेव्हा कॉलेज संपवून नोकरीचे अर्ज भरत होतं.

नियम एकच. त्या पंधरा वर्षांत जो मुंबईकडून रणजी खेळला, तोच संघात. म्हणजे विजय मर्चंट नाहीत, त्यांचा काळ आधीचा. विजय मांजरेकर नाही, कारण त्या वर्षांत तो राजस्थानकडून आपल्याच विरुद्ध खेळत होता. आणि सचिनचं नाव तर काढूच नका. ही माळ संपली त्या साली, १९७३ मध्ये, तो जन्माला आला.

आता सलामी. एका बाजूला सुनील गावसकर, यावर वाद नको. त्या काळातले त्याच्या वाट्याला मोसम थोडे आले, पहिल्या रणजी सामन्यात तर भोपळा, पण १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये ७७४ धावा केलेल्या माणसाला बाहेर ठेवायची माझी हिंमत नाही. दुसऱ्या बाजूला दिलीप सरदेसाई. मडगावचा मुलगा, गोवा अजून पोर्तुगीजांकडे होतं तेव्हाच मुंबईत आलेला. त्याच वेस्ट इंडिज दौऱ्यात त्याच्या ६४२ धावा होत्या आणि त्यातलं किंग्स्टनचं द्विशतक डाव सावरणारं होतं. ते लोक विसरतात, गावसकर लक्षात ठेवतात. आणि सरदेसाई ज्या रणजी सामन्यात मुंबईकडून खेळला, त्यातला एकही मुंबई हरली नाही. एकही नाही.

तिसरा अजित वाडेकर. १९६६-६७ मध्ये म्हैसूरविरुद्ध ३२३. चौथा अशोक मंकड, म्हणजे काका. रणजीत ज्याची सरासरी सत्तरच्या वर आहे त्याला कसोटीत जम बसवता आला नाही, हे खरं, पण आपण रणजीचा संघ निवडतोय ना? पाचवा पॉली उमरीगर. १९६२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत एकाच सामन्यात ५६, नाबाद १७२ आणि पाच बळी. शिवाय ऑफस्पिन टाकणार तोच, त्यामुळे वेगळा ऑफस्पिनर नको. शरद दिवाडकरच्या चाहत्यांनी मला माफ करावं.

मधेच एक बोलतो. हल्ली मोबाइलवर संघ निवडायचा खेळ असतो, पॉइंट मोजून. ज्यानं कालच्या सामन्यात तीन षटकार मारले तो आज संघात. त्यात संघ निवडला जात नाही, भाजी घेतली जाते. संघ निवडायचा तर माणसं आठवावी लागतात. असो.

आता फिरकी. इथेच खरी गंमत आहे, आणि इथे मला माझ्या मामाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पंधराव्या करंडकाची फायनल होती मद्रासला, चेपॉकवर. मुंबई विरुद्ध तामिळनाडू. मुंबईचा कप्तान वाडेकर, त्यांचा वेंकटराघवन. त्यांच्याकडे वेंकट आणि व्ही. व्ही. कुमार असे दोन जातिवंत फिरकी गोलंदाज, त्यामुळे खेळपट्टी अशी केलेली, की तिला खेळपट्टी म्हणायचं की आखाडा, हा प्रश्न. धूळच धूळ. ज्यांच्यासाठी खड्डा खणला ते सोडून भलतेच त्यात पडतात, तसं काहीसं तिथे होणार होतं, पण ते अजून कुणाला माहीत नव्हतं.

मामाला ही फायनल बघायचीच होती. त्याच्या साहेबानं रजा दिली, पण पहिल्या दिवशी नाही. मामानं हिशेब केला, फायनल आहे, चार-पाच दिवस तर नक्की चालेल, आपण तिसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तरी निम्मी मॅच हातात आहे. पहिल्या दिवशी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर घरी आला, बातम्यांत मुंबई १५१ वर आटोपल्याचं ऐकलं, तोंड कडू केलं आणि व्हीटीहून मद्रास मेल पकडली. आजीनं दशम्या, लसणाची चटणी आणि गुळाचा खडा बांधून दिला होता. दशम्या का, तर पोळ्या दुसऱ्या दिवशी वातड होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता डोळ्यांसमोर आणा. एक रात्र गाडीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूर, दुपारी रायचूर. डब्यात रेडिओ नाही. मामा खिडकीत बसून मनातल्या मनात मुंबईचा दुसरा डाव खेळतोय. सरदेसाईला शंभर देतोय, वाडेकरला ऐंशी.

आणि तिकडे काय चाललंय? गाडी गुंतकलला पोचेपर्यंत तामिळनाडूचा पहिला डाव ८० धावांत खलास! एकट्या पद्माकर शिवलकरनं १६ धावांत ८ बळी घेतले. मग मुंबईचा दुसरा डाव ११३. तामिळनाडूला जिंकायला १८५. मामा गुंतकलच्या फलाटावर चार आणे कमी करण्यासाठी केळीवाल्याशी हुज्जत घालत असताना तामिळनाडूची दुसऱ्यांदा घसरगुंडी सुरू होती. एका टोकाला पॅडी शिवलकर, दुसऱ्या टोकाला एकनाथ सोलकर. दोघेही डावखुरे. दिवस संपला तेव्हा त्यांचे नऊ गडी बाद होते. नऊ! एकच उरला होता.

मामाला यातलं काहीही ठाऊक नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मद्रास सेंट्रल. मामा उतरला, नळावर तोंड धुतलं, कॉफी प्यायला आणि रिक्षा केली. ‘क्रिकेट, चेपॉक’ एवढं म्हणाला. रिक्षावाला मान हलवून तामिळमध्ये काहीतरी सांगायला लागला. हात उडवून, हसून, पुन्हा हात उडवून. मामाला वाटलं, भाडं वाढवून मागतोय. तो ठाम राहिला, ‘मीटरनं’. दारावरच्या माणसानं मामाच्या हातातली बॅग पाहिली, मामाकडे पाहिलं आणि एक बोट वर करून म्हणाला, ‘वन विकेट.’ मामानं समजून घेतलं, की एक विकेट पडलीये. म्हणजे मुंबईची दुसऱ्या डावात एक विकेट. म्हणजे गावसकर गेला असणार, हरकत नाही, सरदेसाई आहे.

आत गेला तर माणसं अगदी तुरळक. मामा खूश, हवी ती जागा! सावली बघून बसला. पंचा अंथरला, त्यावर डबा ठेवला. मैदानात खेळाडू उतरले आणि मामाला कळेना, मुंबईचे अकराच्या अकरा जण उतरतायत कसे? बॅटिंग तर आपली आहे. तोवर ते सगळे फलंदाजाभोवती दाटीवाटीनं उभे राहिले. मामानं डब्याचं झाकण उघडलं. दशमीचा तुकडा मोडला, चटणीला लावला.

एक चेंडू पडला.

आणि सगळे एकमेकांशी हस्तांदोलन करून आत निघाले.

मामाला वाटलं, दिवसाचा पहिलाच चेंडू, हे असलं कसलं ड्रिंक्स? शेजारी एक म्हातारे गृहस्थ छत्री घेऊन बसले होते. ते उठले, मामाकडे बघून इंग्रजीत म्हणाले, ‘संपलं.’ मामानं विचारलं, काय संपलं? ते म्हणाले, ‘सगळंच.’ मुंबई १२३ धावांनी जिंकली होती. फायनल झाली दोन दिवस आणि एक चेंडू. पुन्हा सांगतो श्रोतेहो, दोन दिवस आणि एक चेंडू. आणि माझ्या मामानं दीड हजार मैलांच्या जाण्यायेण्यात त्यातला एक चेंडू पाहिला.

बरं, माणूस खचेल की नाही? नाव नको. मामानं तिथेच बसून डबा संपवला. म्हणाला, जागा चांगली होती. परत आल्यावर त्यानं जन्मभर एकच वाक्य सांगितलं, ‘रणजी फायनल? चेपॉकची? मी स्वतः बघितलीय.’ दर गणपतीत आरती झाली, प्रसाद वाटून झाला, की त्या चेंडूचं वर्णन व्हायचं. दरवर्षी तो चेंडू थोडा जास्त वळायचा. सुरुवातीला वीतभर वळलेला चेंडू पुढे हातभर वळायला लागला. एका वर्षी तो पॅडीनं टाकलेला असायचा, दुसऱ्या वर्षी एक्की सोलकरनं. मामी म्हणायची, अहो मागच्या वर्षी वेगळंच सांगितलंत. तर मामा म्हणायचा, ‘तू होतीस का तिथे?’ यावर कुणाकडे उत्तर नव्हतं, कारण तिथे खरोखरच कुणी नव्हतं.

तर सांगायचा मुद्दा, फिरकीत पहिलं नाव पद्माकर शिवलकर. चेपॉकच्या त्या सामन्यात १३ बळी: पहिल्या डावात १६ धावांत ८, दुसऱ्यात १८ धावांत ५. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, आणि एकही कसोटी नाही. बिशनसिंग बेदी असताना दुसऱ्या डावखुऱ्याला जागा नव्हती, असं सांगतात. मला हे कधीच पटलेलं नाही. दोन ऑफस्पिनर चालतात, मग दोन डावखुरे का नाही चालत? आपल्या संघात तर मी दोन नाही, तीन घेतोय. शिवलकर, बापू नाडकर्णी आणि सोलकर. घ्या!

सोलकर सहावा. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, तिथल्याच खोलीत वाढलेला. चेपॉकच्या दुसऱ्या डावात २३ धावांत ५ बळी त्याचे, पण तो नुसता शॉर्टलेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, उभा राहिला तरी मला चालेल. हेल्मेट नाही, काही नाही, आणि २७ कसोटींत ५३ झेल. सातवा बापू नाडकर्णी. १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाही. सलग २१ षटकं निर्धाव. नेटमध्ये खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकायचा म्हणतात. आणि लोक हे विसरतात, की याच बापूनं १९६०-६१ मध्ये दिल्लीविरुद्ध नाबाद २८३ केल्यात.

यष्टीरक्षक. इथे अर्धी मुंबई माझ्यावर चिडणार. फारुख इंजिनियर की नरेन ताम्हाणे? इंजिनियर बॅटिंग करतो, दिसतो छान, ब्रिलक्रीम या केसांच्या क्रीमच्या जाहिरातीत झळकलाय. पण तीन डावखुरे आखाड्यावर टाकणार असतील तर स्टंपांमागे ताम्हाणे हवा. हातमोज्यांचा आवाज येत नाही असा कीपर. माझं तर मत असं आहे, की निवड समितीत एक तरी यष्टीरक्षक सक्तीचा करावा. सगळ्या गोलंदाजांचं खरं रूप फक्त त्यालाच माहीत असतं. ताम्हाणे पुढे निवड समितीवर होताही.

नववा रमाकांत देसाई. उंची इतकी कमी, की नाव पडलं ‘टायनी’, आणि बंपर टाकायचा तो फलंदाजाच्या नाकासमोरून. पंधरातला पहिला मोसम, १९५८-५९, हाच त्याचा रणजीतला पहिला मोसम. त्यात ५० बळी, सरासरी ११ च्या आसपास. माळेचा पहिला मणी त्यानं ओवला म्हटलं तरी चालेल. दहावा बाळू गुप्ते, लेगस्पिन. नामांकित लेगस्पिनर सुभाष गुप्तेचा भाऊ म्हणून ओळखला गेला, हे त्याचं दुर्दैव. मध्यमगती गोलंदाज अब्दुल इस्माईल बाहेर राहिला याचं मला वाईट वाटतंय, पण नवा चेंडू देसाईबरोबर सोलकर टाकेल. चेपॉकसारखी खेळपट्टी असेल तर नवा चेंडू तसाही तीन षटकांत जुना होतो.

कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्यांसाठी पुन्हा: गावसकर, सरदेसाई, वाडेकर, अशोक मंकड, उमरीगर, सोलकर, नाडकर्णी, ताम्हाणे, रमाकांत देसाई, बाळू गुप्ते, शिवलकर. बारावा इंजिनियर. कप्तान उमरीगर. वाडेकर का नाही, म्हणून विचाराल. वाडेकर उपकप्तान, आणि क्षेत्ररक्षण लावताना दोघांनीही काकाला विचारायचं. अशोक मंकडइतकं डोकं त्या काळात मैदानात दुसऱ्या कुणाचं चालत नव्हतं, हे माझं मत, आणि ते मी बदलणार नाही. व्यवस्थापक म्हणून सुधीर नाईकला घेतो. १९७०-७१ मध्ये बडे खेळाडू वेस्ट इंडिजला गेलेले असताना उरलेल्या पोरांना घेऊन त्यानं महाराष्ट्राला हरवलं आणि करंडक घरातच ठेवला. पुण्याचे श्रोते हे ऐकत असतील तर त्यांनी आवाज कमी करावा.

आता हा संघ खेळणार कुणाशी? माझ्या मते राजस्थानशी. त्या पंधरा वर्षांत राजस्थाननं मुंबईविरुद्ध सात फायनल खेळल्या आणि सातही हरल्या, तरी पुढच्या वर्षी पुन्हा पॅड बांधून हजर. तो संघ कुणी निवडायला बसलंच तर सलीम दुराणीच्या आधी हनुमंतसिंगचं नाव लिहा. १९६६-६७ च्या फायनलमध्ये त्यानं पहिल्या डावात १०९ आणि दुसऱ्या डावात नाबाद २१३ केल्या, आणि करंडक तरीही चर्चगेटलाच उतरला.

नमस्कार.