बॅक्टेरिया तयार आहेत, अडलंय ते प्लंबिंगमध्ये

मघाशी ओळख करून देताना सर म्हणाले की मॅडम आज भिंती बांधणाऱ्या बॅक्टेरियांबद्दल बोलणार आहेत, तर आधीच सांगून टाकते, ते बिचारे भिंत वगैरे काही बांधत नाहीत. स्पोरोसार्सिना पाश्चरी म्हणून मातीतला एक जिवाणू आहे, तो युरिया फोडतो आणि त्यावर स्वतःचं भागवतो, बस. युरिया फुटला की अमोनिया आणि कार्बोनेट तयार होतं, पीएच चढतो, आणि तिथे आपण कॅल्शियम क्लोराइड सोडलेलं असेल तर कॅल्शियम कार्बोनेटचे खडे बसायला लागतात. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो ना, माल तोच. फक्त इथे तो वाळूच्या दोन कणांच्या मध्ये, जिथे ते एकमेकांना टेकतात तिथे बसला, की सुटी वाळू दगडासारखी होते.

हे कॉलेजच्या लॅबमध्ये सहज करता येतं. मोठी सिरिंज घ्या, वाळू भरा, बॅक्टेरियाचं पाणी सोडा, थोडं मुरू द्या, मग युरिया आणि कॅल्शियमचं द्रावण रोज थोडं थोडं सोडत राहा. वास येतो, एसटी स्टँडच्या मुतारीचा येतो तसाच, कारण अमोनियाच तो, आणि वास आला की समजायचं काम चालू आहे. काही दिवसांनी सिरिंज कापली की खरी गंमत कळते... जिथून द्रावण आत शिरलं तो भाग नखाने खरवडत नाही आणि खालचा भाग बोटाने चुरतो. म्हणजे बॅक्टेरियाने काम चोख केलं, माल पोचवण्यात आपण कमी पडलो. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, या विषयातली अर्धी लढाई प्लंबिंगची आहे.

नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातल्या लोकांनी हेच 100 घनमीटर वाळूवर केलं, लिऑन व्हान पासेन आणि त्यांची टीम, 2010 साली पेपर आला. साधारण 40 घनमीटर वाळू घट्ट झाली, पण ताकद बघाल तर कुठे 1 मेगापास्कलच्याही खाली आणि कुठे 12 च्या आसपास. आता मला सांगा, असा रिपोर्ट घेऊन तुम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे गेलात तर तो काय करेल? सगळ्यात कमी आकडा धरेल आणि बाकीचा खर्च पाण्यात. तरी भूकंपात वाळू पातळ होऊन घरं खचतात त्यासाठी ही पद्धत मला खरंच आवडते, कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात जेसन डीजाँग त्यावर बरीच वर्षं काम करतायत, कारण तिथे सगळीकडे दगड नको असतो, कण जरासे जरी चिकटले तरी फरक पडतो.

दुसरं दुखणं म्हणजे अमोनियम. हिशोब करून बघा, 100 ग्रॅम कॅल्साइटमागे, म्हणजे त्याच कॅल्शियम कार्बोनेटच्या खड्यांमागे, 107 ग्रॅम अमोनियम क्लोराइड पडतं! ते धुवून काढायचं, नाहीतर सरळ भूजलात. म्हणून ‘पर्यावरणपूरक’ असं ब्रोशरवर छापलेलं दिसलं की मी आधी विचारते, धुतलेलं पाणी कुठे सोडलंत? केपटाऊनच्या विद्यापीठात 2018 ला लघवीतला युरिया वापरून वीट केली, त्यांनी निदान उरलेल्यातून खत काढायचा विचार तरी केला.

आणि आपली काळी माती? तिथे पंचाईत आहे, बॅक्टेरिया साधारण एक ते तीन मायक्रॉनचा, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि चिकणमातीतल्या फटी त्याहून बारीक, शिरणार कुठून! मिसळून वगैरे प्रयोग करतात लोक, पण वाळूसारखं नुसतं वरून सोडून भागत नाही.

काँक्रीटमध्ये मात्र गणित उलटं आहे. डेल्फ्टच्याच हेंक योंकर्स यांनी पोचवायचा प्रश्नच ठेवला नाही, माल आधीच आत भरला. बॅसिलसचे बीजाणू आणि खाद्य म्हणून कॅल्शियम लॅक्टेट. ताज्या काँक्रीटचा पीएच 12 च्या वर, त्यात टिकायला खारट-अल्कलाइन सरोवरातली जात लागते, आपल्या लोणारसारख्या पाण्यात राहणारी. भेग पडेपर्यंत ते झोपलेले, पाणी आत आलं की उठतात, लॅक्टेट खातात, चुना म्हणजे तोच कॅल्शियम कार्बोनेट धरतो. यात युरिया नाही म्हणजे अमोनियाही नाही, वर गंजाला लागणारा ऑक्सिजन तेच खाऊन टाकतात त्यामुळे सळईलाही जरा आराम.

आत्ता मागून कुणीतरी विचारलं, गच्चीवरच्या टाकीला चालेल का. भेग 0.8 मिलिमीटरच्या आतली असेल, ओल असेल आणि भेग हलत नसेल तर चालण्यासारखं आहे. उन्हाने रोज उघडबंद होणारी भेग असेल तर नाही, चुना ठिसूळ असतो, परत फुटणार. आणि सळई गंजून फुगली असेल, प्लास्टर पोकळ वाजत असेल, तर आधी ते फोडून सळई साफ करून घ्या, तिथे बॅक्टेरियाचं काही काम नाही.