फर्स्ट क्लासचा पास आणि दारातला माणूस

मंडळी, सत्तावीस वर्षं मी डोंबिवलीहून मुंबईला सीएसएमटीला लोकलने नोकरीसाठी जात होते. पहिली नऊ वर्षं सेकंड क्लासच्या पासावर, पुढची अठरा फर्स्ट क्लासच्या. आज बोलायचं आहे ते त्या अठरा वर्षांबद्दल. फर्स्टचा पास काढून आपण नेमकं काय विकत घेतो, हे मला फार उशिरा उमगलं.

फलाटावर तांबड्या-पिवळ्या तिरक्या पट्ट्या दिसल्या की तिथे फर्स्टचा डबा येणार, हे आपल्याला पाठ असतं. बायकांचा फर्स्ट म्हणजे तर आख्खा डबाही नव्हे, डब्यातला एक तुकडा. मधे जाळी आणि पलीकडे पुरुषांचा फर्स्ट. बसायच्या जागा मोजक्या. सेकंडला तिघींच्या बाकावर चौथी टेकते, तिला कुणी नाही म्हणत नाही. फर्स्टमध्ये चौथी सीट मागितली की कपाळावर आठी येते. गाडीत शिरल्या शिरल्या "कुठे उतरणार?" हा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच. सकाळी डोंबिवलीला त्याचं उत्तर बहुतेक वेळा "सीएसएमटी" हेच यायचं, म्हणजे तासाहून जास्त उभं राहणं आलं. म्हणून कितीतरी जणी डाउन करून यायच्या, आधी उलट कल्याणला जायचं आणि बसून परत यायचं. महिन्याला सेकंडच्या तिप्पट-चौपट पैसे मोजूनही बसायला मिळावं म्हणून पहाटेची अर्धी झोप सोडायची.

नाटकाची तिकिटं संपली की 'हाऊसफुल्ल'ची पाटी लागते. लोकलच्या पासाला ती पाटी कधीच लागत नाही. खिडकीवर जितके जण पैसे पुढे करतील तितक्यांना पास मिळतो. ५ मे २०२२ पासून पहिल्या वर्गाच्या साध्या तिकिटाचे दर जवळपास निम्मे झाले. किमान भाडं ५० रुपयांचं २५ झालं, पासाचे दर तसेच राहिले. स्वस्त झालं याचं मला वाईट वाटत नाही, उलट गरजेला एखाद्या दिवशी कुणालाही फर्स्टने जाता यावं. पण डब्याची लांबी एका इंचानेही वाढली नाही. दर कमी केला, जागा तेवढीच ठेवली, आणि मग आत उभ्या असलेल्या माणसांनी एकमेकांकडे रागाने बघायचं.

गर्दीच्या वेळच्या लोकलसाठी रेल्वेच्या भाषेत एक शब्द आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड'. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी. घरी गेल्यावर खडूने एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा चौकोन आखा आणि घरातल्या सगळ्यांना त्यात उभं करा. पाच-सहा माणसांतच कोपर लागायला लागेल. मग त्यात आणखी आठ-दहा माणसं, त्यांच्या पिशव्या, डबे, ओल्या छत्र्या धरा. हा आकडा कुणी आंदोलनात ओरडून सांगितलेला नाही. गाड्यांचा विचार करणाऱ्यांनीच तो मान्य केलेला आहे, आणि मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते हेच.

एक प्रसंग सांगते. जुलैचा महिना होता, गाड्या उशिरा धावत होत्या. डोंबिवलीला एक मुलगी आमच्या डब्यात ढकलली गेली. हातात सेकंडचा पास. आम्ही चौघी-पाचजणी तिच्यावर तुटून पडलो, त्यात मी पुढे होते. "फर्स्ट आहे हा, ठाण्याला उतर." ती एवढंच म्हणाली, "ताई, तिकडे पाय ठेवायला जागा नव्हती." ठाण्याला ती खरंच उतरली आणि शेजारच्या डब्याच्या दारात, दांडीला धरून उभी राहिली. पुढचे स्टेशन येईपर्यंत मला तिची ओढणी वाऱ्यावर उडताना दिसत होती. नियमाने मी बरोबर होते. तपासनीस आला असता तर त्याने भाड्याच्या वर किमान अडीचशे रुपये दंडही घेतला असता. पण जी जागा कुणी तयारच केली नव्हती तिच्यासाठी मी त्या मुलीशी भांडले, हे मी आजवर विसरलेली नाही.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. मध्य रेल्वेवर साध्या लोकलच्या वेळेवर एसी लोकल आणल्या, तेव्हा कळवा आणि बदलापूरचे प्रवासी विरोधात उभे राहिले. शेवटी दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. लोकांचा राग गारव्यावर नव्हता, त्यांची रोजची गाडी गेली यावर होता. एसी गाडी जास्तीची म्हणून आली असती तर त्याच लोकांनी तिचं स्वागत केलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

जास्तीची गाडी आणायची तर रूळ मोकळे हवेत. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, तिची वाट बघण्यात आमची अर्धी नोकरी संपली. दिवा स्टेशनाच्या फाटकाने वर्षानुवर्षं किती गाड्या अडवल्या, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दोन गाड्यांमधलं अंतर कमी करणारी नवी सिग्नल यंत्रणा एमयूटीपी ३ए या मुंबईच्या रेल्वे वाहतूक प्रकल्पात धरलेली आहे. तिकिटाच्या वर्गांवर जितकी चर्चा होते, तिच्या निम्मी तरी या यंत्रणेवर व्हावी.

आता शेवटचं. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या शेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली. त्याच दिवशी चार जण गेले. त्यानंतर रेल्वेने जाहीर केलं की नव्या साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारं असतील. दारं हवीतच, त्याबद्दल दुमत नाही. पण दारात लटकणारा माणूस हौसेने लटकत नाही, आत मावत नाही म्हणून लटकतो. दार बंद झालं की तो फलाटावर उरेल. प्रत्येक दाराशी सात-आठ जण धरले तरी एका गाडीमागे किती होतात, ते तुम्हीच मोजा. फलाटावर उरलेल्या या माणसांना घेऊन जाणारी पुढची गाडी डोंबिवलीला किती मिनिटांत येईल, हे दारं बसवायच्या आधी आम्हाला सांगा.