कॉशन मनीची पावती

अध्यक्ष महोदय, मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘विद्यापीठांची गुंतवणूक आणि विद्यार्थ्यांची आंदोलनं’. तरीही इतक्या खुर्च्या भरल्यात, म्हणजे नंतरचा चहा चांगला असणार.

सुरुवात कॉशन मनीपासून करतो. 1979 साली बी.कॉम.ला प्रवेश घेतला तेव्हा फीबरोबर शंभर रुपये अनामत भरली. साठ लायब्ररीचे, चाळीस कसले, ते पावतीवरही नाही. 1982 ला पास झालो आणि पैसे परत मागायला गेलो. क्लार्क म्हणाले, ‘नो ड्यूज आणा.’ लायब्ररीची सही मिळाली, पण जिमखान्याचे सर कॅम्पला गेलेले. मी कॅरमच्या सोंगटीलाही कधी हात लावला नव्हता, तरी सही हवीच. दुसऱ्या खेपेला सर भेटले, तर क्लार्क रजेवर. तिसऱ्या खेपेला दोघंही हजर, तर ‘मूळ पावती कुठाय?’ ती आईने रेशनकार्डात घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली. शोधून चौथ्यांदा गेलो, तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले, ‘मुदत संपली. रक्कम जमा झाली.’ कुठे जमा झाली? त्यांनी बोट वर केलं. वर प्राचार्यांची केबिन होती, म्हणून मी त्याचा दुसरा काही अर्थ घेतला नाही.

एसटीचं भाडं मी यात धरलेलं नाही.

आता गंमत ऐका. शेवटच्या वर्षाला आम्ही बारा रुपयांच्या फीवाढीविरुद्ध तीन दिवस कॉलेज बंद पाडलं होतं. घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. बाराशे पोरं, म्हणजे वाढीतून कॉलेजला मिळणार होते चौदा हजार चारशे. आणि आमची अनामत एक लाख वीस हजार. ती मुदत ठेवीत असेल, तर दहा टक्क्यांनी वर्षाचं व्याज बारा हजार. फीवाढ जवळजवळ तिथेच भागत होती! आमच्यातल्या एकालाही हे सुचलं नाही. आणि आम्ही कॉमर्सचे.

पुढे तीस वर्षं अकाउंट्स शिकवताना दर बॅचला मी हे गणित घातलं. मुलं हसायची आणि विचारायची, ‘सर, परीक्षेला आहे का?’

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अजून अमेरिकेला पोचायचंय.

कोलंबिया विद्यापीठ आपल्याला परकं नाही. 1913 मध्ये बाबासाहेब तिथे गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. आज तिथे पदवीला राहण्या-जेवणासकट वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या वर लागतात. विद्यापीठाचा स्वतःचा निधी 2024 च्या जूनअखेर 14.8 अब्ज डॉलर, हार्वर्डचा 53.2 अब्ज. पैसा शेअर आणि फंडांत गुंतवायचा, वर्षाला चार-पाच टक्के खर्चायचे, बाकीचा वाढू द्यायचा.

तिथल्या पोरांनी विचारलं, शेअर कोणाचे? 1985 च्या एप्रिलमध्ये हॅमिल्टन हॉलच्या दाराला साखळ्या घालून ती तीन आठवडे बसली: वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या कंपन्यांचे शेअर विका. ऑक्टोबरात विश्वस्तांनी विकायचं ठरवलं. पुढच्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाने तीन अब्जांहून जास्त गुंतवणूक काढायचा ठराव केला. 2024 च्या एप्रिलमध्ये कोलंबियात पुन्हा तंबू पडले, या वेळी गाझातल्या युद्धावरून, इस्रायलशी संबंधित कंपन्यांचे शेअर विका म्हणून. 30 तारखेच्या रात्री पोलिसांनी तोच हॅमिल्टन हॉल रिकामा केला. विद्यापीठाने आधीच सांगितलं होतं, विकणार नाही.

यावर म्हणतात, एकाने विकले की दुसरा घेतो, कंपनीचं काय बिघडतं? हिशेबापुरतं बरोबर आहे. शेअर विकून फीही कमी होत नाही, तेही खरं. पण मागणी केली की पैसा कुठे गुंतवलाय त्याची यादी उघडायचा विषय तरी निघतो. मला तेवढंच हवंय.

आपल्याकडे शेअर कसले, बँकेतल्या ठेवी. 2016 च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे अंदाजपत्रक आणि वार्षिक हिशेब अधिसभेपुढे, म्हणजे सिनेटपुढे, येतात, आणि त्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधर दहा जण निवडून पाठवतात. इथे नोंदणी केलेले किती? हात वर करा. तीन. त्यातले एक पंखा बंद करा म्हणतायत.

1983 नंतरच्या विनाअनुदानित कॉलेजांचं राहिलंच. ते काढलं तर चहा गार होईल. पावती मी बरोबर आणलीय, बघायची असेल त्यांनी बघा. फक्त परत द्या, मूळ प्रत आहे.