बत्तीस मॅच, एक पोरगा आणि एक राहिलेला दौरा

(पडद्यावर जुनी काळी-पांढरी फिल्म. काळ्या जर्सीतली टीम, गुडघे वाकवून उभी.)

वर्ष 1924. इंग्लंडमधलं ग्राउंड, थंडी मरणाची, लोक ओव्हरकोट घालून बसलेत आणि समोर 19 वर्षांचा एक पोरगा न्यूझीलंडच्या रग्बी टीमला घेऊन मांड्यांवर थापा मारतोय, जीभ बाहेर, डोळे वटारलेले, जमीन हादरेल असे पाय आपटतोय. आपल्या आखाड्यात पैलवान शड्डू ठोकतो ना, तसंच काहीसं, फक्त हे पंधरा जण एकदम करतात.

याला म्हणतात हाका, न्यूझीलंडच्या मूळच्या माओरी लोकांची रीत. मराठी माणसाला हाका म्हटलं की कुणाला तरी हाका मारणंच आठवणार, आणि खरं सांगायचं तर फार चुकत पण नाही.

पोराचं नाव जॉर्ज नेपिया.

(नदी, टेकड्या, गुरं. न्यूझीलंडच्या उत्तर बेटाचा पूर्व किनारा.)

हा वाइरोआचा. माओरीत वाई म्हणजे पाणी, रोआ म्हणजे लांब, म्हणजे नदीचंच नाव गावाला. जमात न्गाती काहुंगुनु. आणि माओरी माणूस रीतसर ओळख करून देतो ना तेव्हा स्वतःचं नाव पहिलं सांगतच नाही, आधी आपला डोंगर सांगणार, मग नदी, मग पूर्वज ज्या होडीतून या बेटावर आले ती होडी, मग जमात, आणि सगळ्यात शेवटी कुठेतरी स्वतःचं नाव. आपल्याकडे आडनाव सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, मूळचे कुठले? इथे तो प्रश्नच उरत नाही. त्यांच्या कुटुंबाला ते फानाउ म्हणतात, आणि त्यात आईबाप-भावंडं एवढंच येत नाही, चुलत-मावस, आजे-पणजे, सगळा गोतावळा आला.

शाळा हेस्टिंग्जजवळची, माओरी अ‍ॅग्रिकल्चरल कॉलेज, चालवायचे अमेरिकेतले मॉर्मन पंथाचे लोक. 1931 च्या भूकंपानंतर ती शाळा बंदच झाली. पण तोपर्यंत नेपिया तिथून रग्बी शिकून बाहेर पडला होता, आणि पुढे हॉक्स बे प्रांताकडून खेळायला लागला.

आता 1924 च्या टीमकडे परत. नेपियाला खेळवलं फुलबॅकला. रग्बी न बघणाऱ्यांसाठी सांगतो, फुलबॅक म्हणजे सगळ्यात मागे उभा असलेला शेवटचा माणूस, बाकीच्यांना चुकवून जो येईल त्याला यानेच पाडायचं, हा चुकला की मागे फक्त गोललाइन. टीव्ही नाही, रिप्ले नाही, चूक झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात.

आणि हा पोरगा ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स आणि शेवटी कॅनडा असा दौरा करतो, 32 मॅच, आणि सगळ्या 32 खेळतो. एकही सुट्टी नाही! बाकीचे आलटून पालटून बसले, हा नाही बसला. वेल्सला 19-0, इंग्लंडला 17-11, आणि त्या इंग्लंडच्या मॅचमध्ये तर न्यूझीलंडच्या सिरिल ब्राउनलीला रेफरीने सुरुवातीलाच बाहेर काढलं होतं, म्हणजे जवळजवळ सगळी मॅच 14 जणांनी खेळली. 32 पैकी 32 जिंकल्या. त्या टीमला आजही 'इन्व्हिन्सिबल्स', म्हणजे अजिंक्य, म्हणतात, आणि मॅचच्या आधी हाका कोण म्हणवून घ्यायचा? हाच, 19 वर्षांचा.

गोष्ट सांगणारे बरेच जण इथेच थांबतात, टाळ्या वगैरे. मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं.

(पडदा काळा. अक्षरं: 1928.)

चार वर्षांनी न्यूझीलंडची टीम दक्षिण आफ्रिकेला निघाली. नेपिया फॉर्मात, नाव सगळ्यांना पाठ. यादीत नाही. जिमी मिल, तोही माओरी, तोही नाही. दुखापत नाही, भांडण नाही, काही नाही. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांविरुद्ध माओरी खेळाडू उतरवायचा नाही म्हणून न्यूझीलंडच्याच बोर्डाने त्यांना घरी ठेवलं. म्हणजे हाका पाहिजे, जर्सीवर सिल्व्हर फर्न, म्हणजे न्यूझीलंडचं ते रुपेरी पान, पाहिजे, इंग्लंडमध्ये पोस्टरवर हा चेहरा पाहिजे, पण केप टाउनला नको. त्या मालिकेत दोन टेस्ट ते जिंकले, दोन आपण... सॉरी, न्यूझीलंड. बघा, सांगता सांगता मी पण त्यांच्या बाजूने बसलो.

आणि हे एकदाच झालं असं पण नाही. 1949 ला तेच, 1960 ला तेच, आणि 1960 ला मात्र लोक रस्त्यावर आले, घोषणा साधी होती, माओरी नाहीत तर दौरा नाही. टीम तरीही गेली. 1970 ला पहिल्यांदा माओरी खेळाडू गेले, तर दक्षिण आफ्रिकेने त्यांना 'मानद गोरे' ठरवून आत घेतलं. मानद गोरे! यावर काय बोलायचं.

न्यूझीलंडच्या रग्बी युनियनने माफी मागितली 2010 मध्ये. नेपिया 1986 लाच गेला होता.

(किनाऱ्यावरचं शेत. रांगितुकिया.)

पण त्याचं आयुष्य त्या यादीपाशी थांबलं नाही. 1926 ला लग्न झालं हुइंगा कोहेरेशी, ती रांगितुकियाची, न्गाती पोरोउ जमातीची, आणि हा तिच्या मुलखात जाऊन दुधाचा धंदा करायला लागला, गाई, शेत, पोरं. 1930 ला ब्रिटनची टीम आली तेव्हा चारही टेस्ट खेळला. मग मंदी आली, शेतावर कर्ज, आणि 1935 ला लंडनच्या एका क्लबने रग्बी लीग खेळायला 500 पौंड देऊ केले. लीग म्हणजे रग्बीचाच दुसरा प्रकार, तिथे पैसे मिळायचे, आणि पैसे घेतले की युनियनचं, म्हणजे तो आत्तापर्यंत खेळला त्या रग्बीचं दार बंद, असा तेव्हाचा नियम. घरी बायको-मुलं ठेवून तो बोटीत बसला. चूक की बरोबर, ते ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने ठरवावं. युनियनने परत घेतलं ते थेट 1947 ला.

आणि मग 1950. नेपिया 45 वर्षांचा, अजून खेळतोय, ऑलिंपियन्स नावाच्या टीमचा कॅप्टन. समोर पॉव्हर्टी बे, न्यूझीलंडमधल्याच एका भागाची टीम, त्यांचा कॅप्टन त्याचा मुलगा. मुलाचं नावही जॉर्ज. फर्स्ट क्लास मॅच, चॅरिटी-बिरिटी नाही, खरी. म्हणजे टीमशीट लिहिणाऱ्याला दोन्ही बाजूंना कॅप्टनच्या पुढे एकच नाव लिहावं लागलं असणार, जॉर्ज नेपिया, जॉर्ज नेपिया.

(फिल्म परत सुरू. मांडीवर पहिली थाप.)