उरलेली कातडी

वजन चाळीस-पन्नास किलोंनी उतरलं की भेटेल तो अभिनंदन करतो. माझ्या खोलीत आल्यावर मात्र हीच माणसं दार नीट लागलंय ना ते बघतात, सदरा वर करतात आणि पोटावरची लोंबती घडी हातात धरून विचारतात, "व्यायाम वाढवला तर ही आवळेल ना?" मी फिजिओथेरपिस्ट. व्यायाम करा असं सांगण्यावर माझं पोट चालतं. तरी उत्तर 'नाही' असंच आहे.

व्यायामानं स्नायू बांधला जातो, आणि त्वचा म्हणजे स्नायू नव्हे. वर्षानुवर्षं ताणली गेली की तिला घट्ट ठेवणारे कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे तंतू विस्कटतात. मग आतली चरबी गेली तरी ती जुन्या पायजम्याच्या नाडीपट्टीसारखी सैलच राहते. वय, अनुवंश, धूम्रपान, यांनी थोडं उणंअधिक होतं इतकंच. मलमांवर मी बोलत नाही, तुमचा वेळ मोलाचा आहे.

पण दुखणं पुढेच आहे. उतरलेलं वजन टिकवायला हालचाल हवी, आणि हालचालीच्या आड नेमकी हीच कातडी येते. पळताना घडी आपटते, मांड्या घासून सोलवटतात, घडीत घाम साचून बुरशी धरते. मग पळणं सुटतं. कपडे बदलायच्या संकोचानं पोहणंही सुटतं. आणि लोक म्हणतात, आळस चढला! म्हणून ही उरलेली कातडी काढायच्या शस्त्रक्रियांना सरसकट 'हौस' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

पोटासाठी टमी टक, म्हणजे जादा कातडी कापून उरलेली ताणून शिवणं; कंबरेभोवती गोल छेद घेऊन तेच केलं की बॉडी लिफ्ट; शिवाय दंड आणि मांड्या. नुसत्या लायपोसक्शननं, म्हणजे नळीनं ओढून, चरबी निघते, लोंबती कातडी नाही. घाई मात्र नको. वजन निदान सहा महिने स्थिर असावं. बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन घटवायची जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांना म्हणूनच साधारण 12 ते 18 महिने थांबायला सांगतात. या मंडळींत प्रथिनं, लोह, बी-12 यांची कमतरता बऱ्याचदा आढळते, आणि प्रथिनं कमी पडली की जखम भरायला वेळ लागतो. सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद.

शस्त्रक्रियेनंतर दोन प्रकारची माणसं मला छळतात. एक खाटेवरून हलतच नाहीत. त्यांना पहिल्या चोवीस तासांतच चालवावं लागतं, कारण पोटरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका खरा असतो. पोटरी सुजून दुखू लागली किंवा एकाएकी धाप लागली, तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, तडक दवाखाना गाठा. दुसरे उत्साही. यांनी पन्नास किलो जिद्दीनं उतरवलेले असतात, 'थांबा' हा शब्द त्यांना ऐकूच येत नाही. तिसऱ्या आठवड्यात वजनं उचलतात, मग टाक्यांवर ताण येतो, आत पाणी साचतं. पोटाचे स्नायू आतून शिवलेले असतील तर साधारण सहा आठवडे जड उचलणं नाही, उठाबशा नाहीत; पुढचं सर्जनला विचारून. सुरुवातीचे दिवस थोडं वाकूनच चालायचं. मांड्यांची शस्त्रक्रिया असेल तर ढांगा लहान. आवळून बांधायचा पट्टा सांगितला तितके दिवस घालायचा, उकडलं तरी.

एक गोष्ट सांगायची बहुतेक जण विसरतात. बेंबीखालचा भाग कित्येक महिने बधिर राहू शकतो. पाठ दुखली म्हणून गरम पाण्याची पिशवी घेतलीत, तर ती तिथं टेकू देऊ नका. चटका बसलेला कळत नाही.