घरी कुठली भाषा बोलता?

नमस्कार मंडळी. मागे पोरं पळतायत त्यांना पळू द्या, माइक माझ्याकडे आहे, मी त्यांच्यापेक्षा मोठ्यांदा बोलेन.

कमिटीनं मला विषय दिला होता "परदेशात मुलांवर संस्कार". मी म्हटलं अहो हा विषय मला नको, कारण सकाळीच माझा थोरला कुर्ता घालायला नाही म्हणून बाथरूममध्ये कडी लावून बसला होता, तर मी कुठल्या तोंडानं संस्कारांवर बोलू. त्यापेक्षा आम्ही पाच महिने एक मूर्खपणा केला होता तो सांगते. इथे श्टुटगार्टला नवीन आलेले बरेच आईबाबा दिसतायत, त्यांचे तरी पाच महिने वाचतील.

तर थोरला तीन वर्षांचा झाला आणि किंडरगार्टनला जायला लागला. 2018 चा सप्टेंबर. ज्यांची पोरं अजून लहान आहेत त्यांना सांगते, इथे आपल्यासारखं गेटवर रडतं पोर बाईंच्या हातात देऊन पळून जायचं नसतं. आइनगेव्योनुंग म्हणून प्रकार असतो, म्हणजे पोराला तिथे रुळवायचं, आणि त्यासाठी आई नाहीतर बाप कित्येक दिवस त्या खोलीच्या कोपऱ्यात बारक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून गप्प बसतो. पहिल्या दिवशी तासभर, मग पाच मिनिटं बाहेर जायचं, मग पंधरा. मला तेव्हा वाटलं होतं काय हा वेळेचा सत्यानाश, ऑफिसात किती मेल पडली असतील. आज वाटतं आपल्याकडच्या बालवाड्यांनी हे उचलायला हरकत नाही.

पोरगा रुळला. खेळायचा, जेवायचा, माचहोझ म्हणजे ती चिखलात घालायची रबरी पँट घालून डबक्यात लोळायचा. पण बोलायचा नाही. एक शब्द नाही. ऑक्टोबर नाही, नोव्हेंबर नाही, नाताळ झाला तरी नाही. घरी मात्र तोंडाला कुलूप नाही, मराठीत नुसती बडबड. जानेवारीत आम्हाला बोलावलं, आणि तिथल्या एक बाई, अगदी प्रेमानं हां, वाईट हेतू अजिबात नव्हता, म्हणाल्या की तुम्ही घरी कुठली भाषा बोलता? आम्ही म्हटलं मराठी. त्या म्हणाल्या मग घरी जर्मन सुरू करून बघा ना.

आम्ही दोघं इंजिनियर. कुणी बग रिपोर्ट केला की फिक्स करायचा एवढंच आम्हाला येतं. त्याच रात्रीपासून घरात मराठी बंद.

आता आमची जर्मन कशी होती ते ऐका. कोर्स केलेला, परीक्षा पास, बेकरीत ब्रेट्झल मागता यायचं आणि घरमालकाला हीटिंग बंद पडलंय हे सांगता यायचं. त्या जर्मनमध्ये आम्ही पोर वाढवायला निघालो. जर्मनमध्ये तीन लिंगं, आपल्याकडेही तीन, इंग्लिशवाल्यांपेक्षा आपल्याला सोपं जाईल असं वाटतं पण तिथेच फसतो आपण, कारण लिंग आपण मराठीतलं लावतो. दूध ते, म्हणून आम्ही रोज सकाळी "दास मिल्श". खरं तर "डी मिल्श", त्यांच्याकडे दूध बाई आहे. महिन्याभरात पोरगाही दास मिल्श म्हणायला लागला, म्हणजे किंडरगार्टनमध्ये जे बरोबर कानावर पडत होतं ते आम्ही घरी आणून बिघडवत होतो.

पण लिंगाचं सोडा हो, ते सुधारतं. मला जे उशिरा लक्षात आलं ते वेगळंच होतं. एका रविवारी नवरा म्हणाला, तू आज सकाळपासून ह्याच्याशी काय काय बोललीस सांग. मी आठवायला लागले. कोम, ये. इस, खा. नाइन, नाही. लांगझाम, हळू. त्सीह दिश आन, कपडे घाल. श्लाफेन, झोप. एवढंच. अख्ख्या दिवसात. माझ्याकडे जर्मनमध्ये फक्त हुकूम होते. "अगं बाई, कोण आलं हे, कुठल्या गावचे पाहुणे तुम्ही?" हे मला जर्मनमध्ये येत नव्हतं. लटकं रागावणं येत नव्हतं. ताप आल्यावर कपाळावर हात ठेवून जे काही आपण पुटपुटतो, माझं सोनं ते, ते येत नव्हतं. गोष्ट सांगायची तर मी मोबाईलवर शब्द शोधायचे, तोवर ससा झोपायचा आणि पोरगा जागा. मी आई नव्हते राहिले मंडळी, हवालदार झाले होते.

आणि मिरजेला आई. व्हिडिओ कॉल लावायचो, इथल्या हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, त्यामुळे इथे साडेतीन वाजले की तिकडे आठ, मालिका बंद करून ती बसायची. "काय खाल्लंस रे आज?" तो नुसता बघायचा. मग म्हणायचा "नूडेल्न" आणि निघून जायचा. आई म्हणायची असू दे, दमला असेल. दोन-तीन महिन्यांनी तिनं तेही म्हणायचं बंद केलं.

मे महिन्यात त्याचा कान दुखत होता म्हणून मुलांच्या डॉक्टरकडे गेलो. मी तिथेही माझ्या त्या जर्मनमध्ये त्याच्याशी बोलत होते. डॉक्टरीणबाई कान बघता बघता म्हणाल्या, तुमच्या पायाचं बोट टेबलाला आपटलं तर तोंडातून काय निघतं? मी म्हटलं "आई गं". मग ह्याच्याशी त्या भाषेत बोला, म्हणाल्या, जर्मन शिकवायला अख्खं शहर आहे, तुमची भाषा शिकवायला तुम्ही दोघंच आहात. मुलं नव्या भाषेत आधी काही महिने नुसती ऐकतात हेही त्यांनीच सांगितलं. आणि गंमत म्हणजे त्याच सुमारास तो किंडरगार्टनमध्ये बोलायला लागलाच होता, आम्हाला श्रेय घ्यायला जागाच नव्हती. पहिलं वाक्य काय, तर "दास इस्त माइन्स!" हे माझं आहे! कुठल्या तरी खेळण्याच्या ट्रॅक्टरवरून.

झालं, घरी आलो, मराठी चालू. तर पोरगा माझ्यावर ओरडला, "श्प्रिख नोर्माल!" नीट बोल! म्हणजे मराठी आता त्याला नॉर्मल नव्हती. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, खोटं कशाला सांगू.

मग मी काय केलं, तर दुसरा मूर्खपणा. तक्ते आणले. क कमळाचा. रोज संध्याकाळी वीस मिनिटं मराठी. त्याला कमळ माहीत नाही, गडू माहीत नाही, आणि मला राग आवरत नाही. हे प्रकरण आठ दिवस चाललं.

सुटका केली ती आईनं. मी तेव्हा दुसऱ्यांदा पोटुशी होते आणि जूनच्या शेवटी बाळंतपणासाठी आई आली, शेंगेन व्हिसा, नव्वद दिवस मोजून. तिला जर्मन शून्य आणि इंग्लिश म्हणाल तर थँक्यू. बास, पोराला दुसरा रस्ताच नाही राहिला. भूक लागली तर आजीला सांगायला लागणार आणि आजीला नूडेल्न कळत नाही. पहिले चार दिवस खुणा, मग मिसळ भाषा, "आज्जी, मी फेर्टिश आहे", म्हणजे माझं झालं, "आज्जी, नोखमाल झोका दे". ती म्हणायची नोखमाल म्हणजे काय रे? आणि तो विचारात पडायचा, मराठीत शोधायचा. "परत. परत झोका." मला तक्त्यांनी जमलं नाही ते एका झोक्यानं केलं. तो बसमध्ये तिचा गाइड झाला, बेकरीत तिचा वकील झाला, आणि ज्याला आपण लागतो त्याच्याशी पोरं बोलतात हो, त्यात शिकवणं काही नसतं.

इथल्या केरवोखेची पाटी तुम्हा सगळ्यांच्या दारावर लटकून गेली असेल, तुमची पाळी आली की जिना झाडायचा. आईनं विचारलं हे काय, थोरल्यानं वाचून, म्हणजे वाचता येत नव्हतं, पाठ होतं, सांगितलं "केरवोखे". आई म्हणाली केर काढायचा आठवडा ना, मग हे मराठीच आहे की! आणि झाडू घेऊन निघाली. तो आजही शपथेवर सांगतो की हा शब्द मिरजेहून आलाय.

पण आजी म्हणेल ते सगळं बरोबर असंही नाही, ते पण सांगायला पाहिजे. धाकटी झाली आणि घरात दोन सरकारं आली, एक आई आणि एक हेबामे. हेबामे म्हणजे आपली सुईण म्हणा, बाळंतपणानंतर घरी येते, सुरुवातीला जवळजवळ रोज, बाळ-बाळंतिणीला बघते आणि पैसे आरोग्य विम्यातून जातात. आईनं मिरजेहून मोहरीची उशी शिवून आणलेली, डोकं गोल व्हायला. हेबामे म्हणाली उशी नाही, पांघरूण नाही, बाळ पाठीवर, श्लाफझाकमध्ये, म्हणजे अंगात घालायच्या पिशवीत, झोपलं पाहिजे. मी हेबामेच्या बाजूनं उभी राहिले. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं वावडिंग-ओव्याची धुरी करायला घेतली आणि छतावरचा राउखमेल्डर, म्हणजे धुराचा अलार्म, असा कोकलला की खालचे आजोबा चपला न घालता वर आले. त्यानंतर धुरी बंद झाली. मालिश मात्र हेबामेला इतकी आवडली की ती उभी राहून बघायची, आईचा हात बाळाच्या पाठीवरून कसा फिरतो ते. उशी गेली, धुरी गेली, मालिश राहिली. माझा हिशोब साधा आहे, बाळाच्या श्वासाचा प्रश्न आला की परंपरा बाजूला.

तसंच धपाट्याचं. आपण सगळे खाऊन मोठे झालोय आणि "आम्हाला काय झालं" हेही आपण म्हणतो. इथे 2000 सालापासून कायद्यानंच मुलांना मारायला बंदी आहे, आणि पोरांना किंडरगार्टनमध्ये शिकवतात की नको असेल तर हात पुढे करून श्टॉप म्हण. थोरल्यानं आजीला तसा हात दाखवला तेव्हा ती म्हणाली "ट्राफिक पोलीस आहेस का रे?" पण हात मागे घेतला तिनं. आपल्यातच काही जण हळूच म्हणतात, दार लावून दिला एक तर कुणाला कळतंय. पोराला कळतंय ना.

आता तुम्ही म्हणाल की घरी मराठीच तर मग शाळेआधीच्या भाषेच्या तपासणीचं काय, त्या आरोग्य खात्याच्या. रास्त भीती आहे. त्यावर आमचं उत्तर असं की जर्मन बाहेरून भरपूर मिळू दे. किंडरगार्टन नियमित, भारतात जाऊन तीन-तीन महिने खंड नको, पोहण्याचा क्लास लावा, झेफेर्डशेनचा बिल्ला मिळवायला पंचवीस मीटर पोहायचं आणि पाण्यातून वस्तू काढायची, तिथे शिक्षक ओरडतात त्यात भाषा फुकट. श्पीलप्लाट्झवर, म्हणजे पोरांच्या खेळाच्या मैदानावर, आपण आपलेच चार मराठी आईबाबा कोंडाळं करून बसतो ते जरा मोडा. आणि मुख्य म्हणजे तुम्ही स्वतः जर्मन शिका, पोरासाठी नाही, स्वतःसाठी. कारण नाहीतर आठ वर्षांचं पोर तुमचं दुभाषी होतं, डॉक्टरकडे, पालकसभेत, आणि मग शिक्षिका जे म्हणाल्या त्यातलं तेच आपल्याला सांगतं जे त्याच्या सोयीचं आहे. आमच्याकडे हे झालंय. "बाई म्हणाल्या मी खूप छान आहे" एवढंच भाषांतर आलं होतं, बाई चार मिनिटं बोलत होत्या.

आज परिस्थिती काय आहे? आदर्श वगैरे काही नाही. थोरला दहाचा आहे, मराठी बोलतो पण वाचताना अडखळतो. सूर्याला अजून बाई करतो, "आई बघ सूर्य आली", कारण जर्मनमध्ये सूर्य डी झोन्न. मी आता दुरुस्त करत नाही, आम्ही दास मिल्श म्हणायचो तेव्हा त्यानं आम्हाला किती सहन केलं. अनोळखी माणसाला अहो आणि आजोबांना अरे, कारण इथे परक्याला झी आणि घरच्याला डू. माझ्या सासऱ्यांना पहिल्यांदा "ए आजोबा, सरक ना" ऐकू आलं तेव्हा ते सरकले, मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. धाकटी ह्या सप्टेंबरात पहिलीत गेली, तिच्या शुल्ट्यूटंमध्ये, तो पहिल्या दिवशीचा खाऊचा मोठा पुठ्ठ्याचा शंकू, त्यात मी राजगिऱ्याचे लाडू टाकले होते, ते तिनं वाटले नाहीत, एकटीनं खाल्ले. आणि आई मिरजेत शेजारच्या नातवाला झोका देताना विचारते, "नोखमाल?" तोही म्हणतो नोखमाल. त्याच्या आईला वाटतं हा काही तरी कन्नड शब्द असणार.

तर शनिवारी दहा वाजता आपण इथेच खालच्या हॉलमध्ये जमायचं ठरवलंय, दोन ते सहा वर्षांची पोरं. तक्ते नाहीत. खेळायचं, भांडायचं, खायचं, फक्त मोठ्यांनी आपापसात आणि पोरांशी मराठीत बोलायचं, एवढाच नियम. कुणाचे आईवडील नव्वद दिवसांच्या व्हिसावर आले असतील तर त्यांना नक्की आणा, आम्हाला ते हवेतच, खुर्च्या आहेत, चहा आहे. आणि हो, लिफ्टपाशी कुणाची तरी निळी माचहोझ पडलीय, चार वर्षांच्या मापाची, चिखलासकट, जाताना घेऊन जा.